पुरस्कार द्या, पण आधी बाड वाचा

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. एका सभासदाने वडिलांच्या स्मरणार्थ दोन लाख रुपयांची कायम ठेव देऊ केली आहे. तिच्या व्याजातून खान्देशातल्या तरुण लेखकाच्या अप्रकाशित हस्तलिखिताला दरवर्षी पुरस्कार द्यावा आणि पुस्तकही आपणच छापावं, असं कार्यकारिणीच्या मनात आहे. नियम कसे करावेत? परीक्षक कोण असावेत? अहिराणी लेखन घ्यावं का?

उत्तर : कल्पना चांगली आहे. पण 'दरवर्षी' आणि 'आपणच छापावं' हे दोन्ही शब्द ठरावातून आधी काढा, असं मी म्हणेन. संपादक आणि परीक्षक या दोन्ही नात्यांनी बरीच बाडं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्या अनुभवावर सांगतो.

आधी पैशाचं बघू. दोन लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला चौदा हजार रुपये सुटतात. त्यात मांडव, ध्वनिक्षेपक, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांचा प्रवास आणि दोनशे माणसांचा चहा-नाश्ता बसवला की लेखकाच्या पाकिटात काय उरेल ते तुम्हीच मांडून बघा. आपल्याकडचे बहुतेक पुरस्कार असेच चालतात. समारंभ मोठा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि त्या मुलाचं हस्तलिखित तीन परीक्षकांपैकी एकाने तरी शेवटच्या पानापर्यंत वाचलं का, हे कुणी विचारत नाही.

हाच पुरस्कार दोन वर्षांतून एकदा दिला तर हातात अठ्ठावीस हजार येतात. त्यातले दहा हजार विजेत्याला द्या आणि दहा हजार संपादकाला. संपादकाला विजेत्याइतके पैसे कशाला, हा प्रश्न कार्यकारिणीत नक्की येईल. पहिल्या पुस्तकाला खरी गरज असते ती कुणीतरी शेजारी बसून ओळ न् ओळ वाचण्याची, आणि आपल्या भागात फुकटसुद्धा न मिळणारी गोष्ट तीच आहे. उरलेल्या आठ हजारांत पहिल्या फेरीच्या वाचकांचं मानधन, टपाल, झेरॉक्स आणि एक साधा कार्यक्रम होतो. साधा म्हणजे वाचनालयाच्याच सभागृहात, फुलांच्या कमानीशिवाय.

खान्देशात हे जास्त निकडीचं का, तेही सांगतो. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ही पदवी मिळाली, तेव्हा ते जेमतेम सोळा-सतरा वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात एवढा मोठा सन्मान. पण 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले, तोवर त्यांच्या कवितांचं पुस्तक झालेलं नव्हतं. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ओव्या उतरवून घेतल्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला 1952 मध्ये, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. आपण ज्यांची नावं चौकाचौकात आणि विद्यापीठाला दिली, त्या दोघांनीही स्वतःचं पुस्तक पाहिलं नाही. टाळ्या या भागात पूर्वीही मिळत होत्या. अडत होतं ते वहीपासून पुस्तकापर्यंतच्या मधल्या कामापाशी. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची पहिली कादंबरी 1963 मध्ये, वयाच्या पंचविशीत आली, पण ती पुण्याच्या प्रकाशकाकडून. म्हणून म्हणतो, तुमचा निधी या मधल्या कामावर खर्च व्हायला हवा.

आता छापण्याविषयी. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना तुम्हाला माहीत असेल. ज्याचं एकही पुस्तक आलेलं नाही, अशा लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी ती आहे. तुम्ही घाईघाईने तीनशे प्रती छापल्या की त्या मुलाचा पहिल्या पुस्तकाचा हक्क तिथेच संपतो. पुढे बऱ्या प्रकाशकाकडे गेला तर तो म्हणणार, हे तर येऊन गेलंय. शिवाय तीनशेतल्या दोनशे प्रती तुमच्याच कपाटात बसतील, कारण वितरण हा वाचनालयाचा धंदा नाही. त्यापेक्षा सहा महिने संपादन करून बाड तयार करा, मग मंडळाकडे किंवा प्रकाशकाकडे पाठवायला लेखकाला मदत करा, आणि पुस्तक आलं की प्रती घेण्याची हमी द्या. इथे वाचनालयाचं बळ खरं कामाला येतं. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अनुदानित वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांतल्या शंभर वाचनालयांनी एकेक प्रत घ्यायचं लेखी कळवलं, तर प्रकाशक लेखकाकडे पैसे मागण्याआधी दोनदा विचार करील. पैसे भरून पुस्तक काढण्याची जी रीत रुळली आहे, तिच्यात सगळ्यात जास्त तरुण कवी भरडले जातात. कर्ज काढून संग्रह काढलेली मुलं मी पाहिली आहेत. प्रती खोक्यात, आणि खोकी खाटेखाली.

'अप्रकाशित' कशाला म्हणायचं हे नियमावलीत नीट लिहा, नाहीतर पहिल्याच वर्षी भांडण होईल. दिवाळी अंकात आलेली कथा, मासिकात आलेल्या चार कविता, फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकलेलं लेखन, यामुळे कुणाला बाद करू नका. आजच्या विशीतल्या मुलाने सगळं वहीत दडवून ठेवलं असेल ही अपेक्षाच चुकीची. पुस्तकरूपाने छापलेलं, ई-पुस्तक म्हणून विक्रीला ठेवलेलं किंवा एखाद्या ॲपवर मालिका म्हणून पूर्ण झालेलं असेल, तर ते प्रकाशित. कवितासंग्रहातल्या निम्म्याहून अधिक कविता आधी कुठेही आलेल्या नसाव्यात, एवढी अट पुरे.

वयासाठी पस्तीस ही मर्यादा ठेवा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून दिला जातो. त्याची मर्यादाही पस्तीसच आहे, फक्त तो छापील पुस्तकाला मिळतो. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते लिहा. अकादमी पुरस्कारवर्षाची 1 जानेवारी धरते, तुम्हीही तीच धरा. मर्यादा तिशीवर आणू नका. आपल्याकडे लग्न, सासर आणि पहिली दोन मुलं यांतून डोकं वर काढून पुन्हा वही हातात घेणारी बाई बहुधा तिशी ओलांडलेली असते. आणि तिची कागदपत्रं बघताना दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून अर्ज परत पाठवू नका. हे मी उगाच सांगत नाही, कारकुनी खाक्यात अशा प्रवेशिका बाद होतात.

खान्देशी कोण, हाही वादाचा मुद्दा. 1906 साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. पण भाषेचा खान्देश बागलाण-मालेगावकडेही पसरलेला आहे. आणि तरुण तर तिन्ही जिल्ह्यांबाहेरच जास्त सापडतील. कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, कुणी सुरतेत, उधन्याला यंत्रमागावर. जन्म, शाळा किंवा सध्याचा मुक्काम यांपैकी एक खान्देशातलं असलं की चालेल, असा नियम करा. सुरतेतल्या खोलीवरून येणारं लेखन तर मुद्दाम मागवा. ते जग मराठीत फारच थोडं आलं आहे.

अहिराणीचं उत्तर एका शब्दात 'हो', पण त्याला शेपूट आहे. 2011 च्या जनगणनेत खान्देशी या गटाखाली (अहिराणी त्यातच मोजली जाते) मातृभाषा नोंदवणारे 18 लाखांहून अधिक आहेत, तेव्हा ही बोली म्हणून कोपऱ्यात बसवायची गोष्ट नव्हे. तिच्यासाठी वेगळा 'बोलीभाषा पुरस्कार' काढू नका. वेगळं पान वाढलं की ते पंगतीच्या टोकालाच वाढलं जातं. एकच पुरस्कार ठेवा, मराठी आणि अहिराणी समोरासमोर उतरू द्या. लेखनात एकवाक्यता नाही, 'माझा' ला कोणी 'मना' लिहितो, कोणी 'मन्हा', तर त्यावरून गुण कापू नयेत. लेखकाने स्वतःची एक पद्धत धरून ती शेवटपर्यंत पाळली आहे का, एवढंच परीक्षकाने पाहावं. अहिराणी बाड ज्याला बोली ऐकू येते अशाच परीक्षकाकडे जायला हवं. आणि पत्रकात 'बहिणाबाईंची अहिराणी' असं लिहू नका, तसं सर्रास लिहितात. त्यांची बोली लेवा गणबोली, ती अहिराणीहून वेगळी. रावेर-यावल-भुसावळ पट्ट्यातला वाचक पहिल्या ओळीलाच पत्रक खाली ठेवेल. नंदुरबारकडून भिली, पावरी, मावची या आदिवासी भाषांतलं लेखनही येईल. सोबत लेखकानेच केलेला मराठी अनुवाद मागा आणि त्या भाषेचा एक वाचक शोधा. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळांतल्या शिक्षकांत असा वाचक मिळू शकतो.

परीक्षक म्हटलं की आपण मराठीच्या तीन प्राध्यापकांची नावं लिहितो. एक ठेवा. दुसरा परीक्षक लिहिता लेखक असावा, शक्यतो खान्देशाबाहेरचा, ज्याला इथली भाऊबंदकी ठाऊक नाही. तिसरा निव्वळ वाचणारा: एखादी ग्रंथपाल, पुस्तकविक्रेता, किंवा वर्षाला पन्नास पुस्तकं संपवणारा एखादा केळीवाला शेतकरी. असे लोक तुमच्याच सभासद नोंदवहीत आहेत, कुणी किती पुस्तकं नेली हे तुम्हाला तोंडपाठ असेल. तिघे एका महाविद्यालयाचे, एका गावचे किंवा एका साहित्यसंस्थेचे नसावेत.

बाडावर नाव नको, फक्त क्रमांक. पण नाव झाकलं म्हणून लेखक झाकला जातो, असं आपल्या भागात होत नाही. गावाचं नाव, नदीचा घाट, मास्तरांचं वर्णन, यावरून परीक्षकाला दहाव्या पानावर कळतं की हा आपलाच विद्यार्थी. म्हणून ओळख पटली की परीक्षकाने लेखी कळवायचं आणि ते बाड दुसऱ्याकडे द्यायचं, हा नियम नियुक्तीच्या पत्रातच घाला. त्यात लाजण्यासारखं काही नाही, लपवण्यात आहे.

वाचनाची पद्धत हा या सगळ्याचा गाभा आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक बाड दोघांनी वाचावं. पहिली वीस पानं नीट वाचावीत, मग मधली दहा, मग शेवटची दहा. या चाळीस पानांत काहीच हाती लागलं नाही तर थांबायला हरकत नाही. शंभरपैकी गुण मागू नका. भाषेला वीस, आशयाला तीस, मांडणीला वीस, असे तक्ते भरून आले की त्यात बेतास बात लेखन नेहमी वर येतं, कारण त्याला सगळीकडे बारा-चौदा मिळतात. एका खणात शून्य आणि दुसऱ्यात अठ्ठावीस मिळवणारं वेडंवाकडं, जिवंत बाड खाली जातं. त्याऐवजी प्रत्येक बाडामागे अर्धं पान टिपण मागा: यात काय आहे, कुठे पकडलं, कुठे सुटलं, पुढे न्यावं का. दुसऱ्या फेरीत पाच-सहा बाडं राहतील. ती तिन्ही परीक्षकांनी पूर्ण वाचून समोरासमोर बसायचं. फोनवरून गुणांची बेरीज करून निकाल लावू नका. एका दुपारच्या चर्चेत परीक्षकाचं मत बदलतं, तक्त्यात ते बदलू शकत नाही.

आणि ही अर्ध्या पानाची टिपणं सगळ्यांना पाठवा. फक्त विजेत्याला नव्हे, सगळ्यांना. साठ प्रवेशिका आल्या तर साठ पत्रं. सही नको, परीक्षकाचं नाव नको. भाषा सभ्य पण मोघम नको. 'आपले लेखन आशादायक आहे, लिहीत राहा' या वाक्यावर बंदी घाला. त्याऐवजी 'तुमच्या सात कथांपैकी तिसरी, जिनिंगमधल्या रात्रपाळीची, सगळ्यात उभी राहते. कारण तिथे तुम्ही यंत्राचा आवाज, रुई नाकात जाणं, मुकादमाचं बोलणं दाखवता. बाकीच्या कथांत माणसं आधी भाषण करतात आणि मग वागतात,' असं लिहा. असं पत्र मिळालेला मुलगा पुढच्या खेपेला पुन्हा येतो, आणि वेगळं बाड घेऊन येतो. एकाला दहा हजार मिळतात, पण उरलेल्या एकोणसाठांना तुमच्या पुरस्कारातून जे मिळणार ते हेच.

काय येईल याचीही कल्पना असू द्या. निम्म्याहून अधिक कविता असतील. त्यांत आई, बाप, पाऊस, बळीराजा आणि दुरावलेली ती. बळीराजा हा शब्द शीर्षकात दिसला की माझा हात आपोआप पुढचं पान शोधतो, हा माझा दोष म्हणा. शेतीवर लिहिणारी मुलं शेतातूनच आलेली असतात, पण कवितेत बांधावर उभी राहून लिहितात. केळीच्या बागेवर सीएमव्ही हा विषाणूरोग आला की उभी झाडं उपटून फेकावी लागतात, घड कापणीला आल्यावर व्यापारी भाव पाडून बोलतो, कपाशीच्या वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून शाळकरी पोरीची शाळा दसऱ्यानंतर सुटते, हे त्यांना पक्कं माहीत असतं आणि तेच लेखनात येत नाही. संपादकाचं निम्मं काम त्यांना बांधावरून खाली उतरवण्याचं आहे. ऐंशी कवितांचा संग्रह पंचेचाळीसवर आणायचा, प्रत्येक कवितेची शेवटची दोन कडवी झाकून ती उरते का बघायचं, कादंबरीची पहिली चाळीस पानं काढून टाकायची. यासाठी लेखक आणि संपादक सहा महिन्यांत चार-पाच वेळा तरी प्रत्यक्ष भेटायला हवेत. हा खर्चही संपादकाच्या दहा हजारांतच धरा.

लेखन त्याचंच आहे का, ही शंका तुम्ही विचारली नाहीत, पण ती येणारच. ऑस्ट्रेलियात पस्तिशीच्या आतल्या लेखकांच्या अप्रकाशित हस्तलिखितासाठी व्होगेल नावाचा मोठा पुरस्कार होता. 1980 मधला त्याचा पहिलाच विजेता पॉल रॅडली याने 1996 मध्ये कबूल केलं की कादंबरी वयात न बसणाऱ्या त्याच्या काकांनी लिहिली होती. याच पुरस्काराची 1993 ची विजेती युक्रेनी वंशाचं खोटं नाव आणि खोटी कुळकथा घेऊन आली होती. म्हणजे यंत्राने लिहून देण्याच्या कितीतरी आधीपासून हा रोग आहे. आता तर एका दुपारी शंभर गुळगुळीत पानं निघतात. ओळखण्याच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, मराठीच्या बाबतीत त्याच्या निकालावर कुणाला दोषी ठरवणं अन्याय होईल. शेवटच्या पाचांना बोलवा, सोबत कच्ची वही, जुने खर्डे, फोनमधल्या नोंदी, जे असेल ते आणायला सांगा, आणि अर्धा तास गप्पा मारा. हे पात्र आधी कसं होतं? हा प्रसंग का काढला? खरा लेखक इथे थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं.

हक्कांचं कलम वकिलाला दाखवा. 'पाठवलेल्या साहित्यावर संस्थेचा हक्क राहील' हे वाक्य जुन्या पत्रकांतून उतरवून घेतलेलं सगळीकडे दिसतं. ते घालू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखकाचा असतो आणि लेखी कराराशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तुम्ही छापणार नसाल तर तुम्हाला हक्क लागतोच कशाला? पुढच्या पुस्तकात पुरस्काराचा उल्लेख करावा, एवढी विनंती पुरे. न निवडलेली बाडं तीन महिन्यांत परत करा, सॉफ्ट कॉपी पुसून टाका. प्रवेश शुल्क तर एक रुपयाही घेऊ नका.

टंकलेखन युनिकोडमध्ये मागा, नाहीतर शिवाजी आणि कृतिदेव या जुन्या फाँटमधल्या फाइली परीक्षकाच्या मोबाइलवर चौकोनांच्या रांगा होऊन उघडतील. पण हाताने लिहिलेलं बाडही घ्या, एका बाजूला आणि सुवाच्य असेल तर. तोरणमाळच्या डोंगरातल्या मुलाने टायपिंगला पैसे घालावेत अशी अपेक्षा नको. ते बाड निवडलं गेलं तर वाचनालयाने टाईप करून घ्यावं.

परीक्षकांना एकमुखाने पसंत पडेल असं काही आलं नाही तर पुरस्कार देऊ नका, रक्कम पुढच्या खेपेत मिळवा. विभागून देणं टाळा. उत्तेजनार्थ पाच-सात बक्षिसं तर नकोच. ती उत्तेजन कार्यकारिणीलाच देतात, फोटोत माणसं वाढतात. देणगीदारांच्या वडिलांचं नाव पुरस्काराला खुशाल द्या. बहिणाबाई, बालकवी यांच्या नावाचे पुरस्कार आधीच आहेत, आणखी एकाने गोंधळच वाढेल.

वेळापत्रक असं जमतं : घोषणा 13 ऑगस्टला, बालकवींच्या जयंतीला. प्रवेशिका जानेवारीअखेर, म्हणजे दिवाळी होते, वेचणी आटोपते आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा अजून लांब असतात. फेब्रुवारी ते एप्रिल वाचन. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला निकाल, कारण तेव्हा सासरी गेलेल्या मुलीही माहेरी असतात आणि वाचनालयात गर्दी जमते. त्यानंतर पावसाळाभर संपादन.

घोषणेचं पत्रक महाविद्यालयांच्या मराठी विभागांत लागेलच. त्याशिवाय ते एसटी स्टँडवर लावा, जिनिंग आणि कोल्ड स्टोअरेजच्या फाटकांवर लावा, आणि सुरतेला जाणाऱ्या गाड्या जिथे थांबतात त्या नंदुरबार स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपऱ्यांवरही लावा. पत्रक एका पानाचं असावं, अर्ध्या पानावर अहिराणीत. नियमावलीचा कच्चा मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देईन.